जुनी पेन्शन: बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

मावसबहिणीच्या लग्नात शेवटची पंगत उठली आणि मांडवातच वाद पेटला. माझा मावसभाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, २००८ साली लागलेला. मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेली पांढरी टोपी घालून तो जिल्हाधिकारी कार्यालयासमोर रोज जाऊन बसायचा. मामा शेतकरी. पान लावता लावता मामा म्हणाले, “पगार घेता तेवढा पुरत नाही का रे? वर पेन्शन कशाला?” त्यानं लगेच उलटवलं, “मामा, आमदाराला एकदा निवडून आल्यावर जन्मभर पेन्शन. ती चालते तुम्हाला?” मामांकडे उत्तर नव्हतं आणि भाच्यालाही आणखी काही सांगायचं नव्हतं. टीव्हीवरच्या चर्चा, मोर्चातली भाषणं, चहाच्या टपरीवरचे वाद, कुठेही पाहा. हा विषय या दोन वाक्यांच्या पुढे सरकतच नाही. एक बाजू म्हणते, सरकारी नोकर ऐतखाऊ आहेत. दुसरी म्हणते, आमदारांना मिळतं मग आम्हाला का नाही? खरा प्रश्न या दोन्हींच्या पलीकडे आहे आणि तो कुणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी पेन्शन परत आणू नये. आणि हा निर्णय संपाच्या धाकानंही होऊ नये आणि कोर्टाच्या हुकमानंही होऊ नये. तो विधिमंडळात व्हावा, पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब सगळ्यांसमोर मांडून. हे मी बाहेर उभा राहून बोलत नाही. माझे बाबा प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या जुन्या पेन्शनवर आमचं घर चाललं आणि ते गेल्यावर आज आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी मी तिला बँकेत घेऊन जातो. बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यामुळे मशीन तिचा अंगठा घेत नाही. पदरानं बोट पुसत ती चार-पाच वेळा ते काचेवर ठेवते. त्या पैशाला खैरात म्हणणाऱ्या माणसाशी माझं जमणार नाही. पण आईला जे मिळतं ते चालू ठेवणं वेगळं आणि आज नोकरीला लागणाऱ्या पोराला तेच वचन पुन्हा देणं वेगळं.

फरक नेमका काय, ते मोर्चाच्या फलकावर मावत नाही, म्हणून थोडं सविस्तर. जुन्या योजनेत ढोबळमानानं शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम पेन्शन म्हणून मिळते. त्यावर महागाई भत्ता चढत जातो, वेतन आयोग आला की पेन्शनही सुधारते. यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काही कापलं जात नाही. जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कापला जातो, पण ती त्याची स्वतःची बचत, व्याजासकट परत मिळणारी. मग पेन्शनचा पैसा येतो कुठून? ज्या वर्षी द्यायचा त्या वर्षीच्या तिजोरीतून. १९९० साली शिकवलेल्या वर्गाची पेन्शन २०२५ सालच्या करातून. केंद्रानं ही पद्धत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रानं १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानं लागणाऱ्यांसाठी बंद केली. नव्या पद्धतीत कर्मचारी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के भरतो. सरकार आधी १० टक्के भरायचं, आता १४ टक्के भरतं. तो पैसा गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांतून महिन्याची पेन्शन विकत घ्यावी लागते. महिन्याला किती येतील, याची हमी नाही. हा बदल कुण्या एका पक्षाचा नव्हता. केंद्रात तो वाजपेयींच्या सरकारनं आणला, त्याचा कायदा २०१३ साली मनमोहन सिंगांच्या सरकारनं केला, राज्यात तो विलासराव देशमुखांच्या काळात लागू झाला. एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका गोष्टीवर का एक झाले असतील? कारण प्रत्येकानं सत्तेत बसल्यावर तिजोरीची वही उघडून पाहिली होती.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. पेन्शन हा उपकार नाही, तो मागे ठेवलेला पगार आहे. हे मोर्चातलं वाक्य नव्हे, सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याच्या निकालात घटनापीठानं सांगितलं, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, झालेल्या सेवेचा तो मोबदला आहे. निवृत्त लोक अजून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात. या तत्त्वाशी माझं भांडण नाही, उलट मी त्याच तत्त्वावर उभा आहे. ज्याला वचन दिलं त्याचं वचन पाळायलाच हवं. म्हणूनच ज्यांच्या भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती, पण सरकारी दिरंगाईनं नेमणूक नंतर झाली, त्यांना राज्यानं २०२४ साली जुन्या पेन्शनचा पर्याय दिला, तो न्यायच होता. त्यांनी अर्ज भरला तो जुन्या शर्तींवर. पण माझ्या मावसभावानं २००८ साली नेमणुकीचा कागद हातात घेतला, तेव्हा नवी योजना लागू होऊन तीन वर्षं झाली होती. त्याला जे वचन कधी दिलंच नव्हतं ते मोडलं असं कसं म्हणायचं? त्याची मागणी नवी आहे. ती करायचा त्याला हक्क आहे, पण मग तिचा खर्चही नवा म्हणून मोजावा लागेल.

दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो. नवी योजना राज्यानं ज्या ढिसाळपणे राबवली त्याला तोड नाही. ‘डीसीपीएस’, म्हणजे परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, या नावानं कपात सुरू झाली, पण आपले किती पैसे जमा झाले, सरकारचा वाटा पडला की नाही, त्यावर व्याज किती, याची साधी चिठ्ठी मिळवण्यासाठी शिक्षकांनी वर्षानुवर्षं कार्यालयांचे खेटे घातले. याहून वाईट म्हणजे नोकरीत असताना माणूस गेला तर त्याच्या बायको-मुलांना कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं. आमच्या ओळखीतला एक तरुण शिक्षक मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याची बायको दोन लहान मुलांना घेऊन महिनोन्‌महिने एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत होती. तिच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, कपातीच्या पगारपत्रकांच्या झेरॉक्स आणि एक पाण्याची बाटली, एवढंच असायचं. मार्च २०२३ च्या संपानंतर त्याच महिन्याच्या ३१ तारखेला शासन निर्णय निघाला आणि अशा कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याची सोय झाली. संपाला माझा विरोध असला तरी ही गोष्ट त्या संपानं मिळवून दिली, हे मी नाकारणार नाही. सरकारनं ती अठरा वर्षं आधी आपणहून केली असती तर कदाचित त्या टोप्या शिवायची वेळच आली नसती. पण म्हणून, नवी गाडी चालवणारा ड्रायव्हर बेजबाबदार निघाला तर ड्रायव्हर बदलायचा, की दरीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याला लागायचं?

दरी म्हणतो ती का, ते सांगतो. जुन्या पेन्शनमधली सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी, की ती परत आणणाऱ्या सरकारला पहिली काही वर्षं खर्च येतच नाही, उलट पैसे वाचतात. नव्या योजनेत सरकारला दरमहा चौदा टक्के आज भरावे लागतात. जुनी योजना आणली की ते भरणं थांबतं. आज चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी लागलेला कारकून निवृत्त होणार २०६० च्या आसपास, आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं त्याची पेन्शन द्यायची. आज घोषणा करून मतं घेणारा मुख्यमंत्री तेव्हा कुठे असेल? ज्यांच्याकडून ते पैसे वसूल व्हायचे आहेत त्यातले बरेच जण अजून जन्मालाही आलेले नाहीत. त्यांना मत नाही, संघटना नाही, त्यांचा मोर्चा निघत नाही. बाजारातून काढलेलं कर्ज निदान अर्थसंकल्पाच्या पुस्तकात दिसतं. हे कर्ज कुठेच दिसत नाही, म्हणून ते राजकारण्यांना इतकं आवडतं. रिझर्व्ह बँकेनं २०२३ च्या सुरुवातीला राज्यांना दिलेला इशारा हाच होता: आजची बचत फसवी आहे, उद्याचं ओझं खरं आहे.

महाराष्ट्राची आजची स्थिती पाहा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपये धरली होती आणि राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर गेलं आहे. पगार, पेन्शन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग संपतो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी जुन्या पेन्शनचा बोजा १ लाख १० हजार कोटींचा सांगितला आणि राज्य दिवाळखोरीत जाईल असं ते म्हणाले. तीन महिन्यांनी संप झाला आणि सातव्या दिवशी त्याच सरकारनं तत्त्वतः मान्य, समिती नेमली, असं सांगून तो मिटवला. डिसेंबरातला आकडा खरा होता की मार्चमधलं आश्वासन? दोन्हींची नीट तपासणी सभागृहात कधी झालीच नाही. हिमाचल प्रदेशनं २०२३ साली जुनी पेन्शन परत आणली. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या मुख्यमंत्र्यांनी स्वतःचा आणि मंत्र्यांचा पगार दोन महिने पुढे ढकलला आणि सप्टेंबरात कर्मचाऱ्यांचा पगार पाच तारखेला, पेन्शन दहा तारखेला झाली. हे सगळं जुन्या पेन्शनमुळे झालं, असं म्हणणं खोटं ठरेल. जीएसटीची भरपाई थांबली, केंद्राचं महसुली तुटीचं अनुदान घटलं, २०२३ च्या पावसानं डोंगरच्या डोंगर खाली आणले. पण पेन्शनला हमी आहे म्हणजे ती एक तारखेला खात्यात पडेलच, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो सप्टेंबर आठवावा.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शिवाजी महाराजांनी लष्करात आणि दफ्तरात रोख पगाराची शिस्त घातली. सेवेच्या बदल्यात गावंच्या गावं तोडून देणं त्यांनी टाळलं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात मोगल दारात उभे, खजिना रिकामा, माणसं तर टिकवायची. तेव्हा वतनं आणि सरंजाम द्यावे लागले. त्या काळी दुसरा इलाज नव्हता आणि त्यासाठी त्या पिढीला दोष देता येत नाही. पण हे दोन्ही काळ डोळ्यांनी पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावून ठेवलं, की सेवेपोटी कायमची वृत्ती, कायमची जमीन देत सुटू नये, कारण दिलेलं परत येत नाही आणि राज्याचं उत्पन्न तेवढ्यानं कायमचं आटतं. आजच्या सेवकाला खूश करण्यासाठी उद्याच्या राज्याचा महसूल लिहून द्यायचा नाही, एवढा साधा विचार. सेवकाचं पोट मारा असं अमात्य म्हणत नाहीत, त्याला त्याच्या कामाचा पगार चोख द्या म्हणतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनुभवी कारभाऱ्याला जे दिसलं ते आज मंत्रालयात दिसत नसेल, असं मला वाटत नाही. दिसतं, पण निवडणूक जवळ असते.

यावर कर्मचारी मित्र म्हणतात, बाजाराच्या भरवशावर म्हातारपण कसं सोडायचं? जुन्या पेन्शनला निदान सरकारची हमी आहे. प्रश्न रास्त आहे. पण हमी म्हणजे काय? पैसा बाजूला न काढता दिलेली हमी म्हणजे पुढच्या लोकांच्या ऐपतीवर आणि मर्जीवर टाकलेला भरवसा. अमेरिकेतलं डेट्रॉइट एकेकाळी मोटारींच्या कारखान्यांनी गजबजलेलं श्रीमंत शहर. जुलै २०१३ मध्ये त्या शहरानं दिवाळखोरी जाहीर केली. मिशिगन राज्याच्या घटनेत पेन्शनला संरक्षण लिहिलेलं होतं, तरी दिवाळखोरीच्या कोर्टानं पेन्शन कमी करता येईल असा निकाल दिला. महापालिकेच्या सामान्य निवृत्तांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेली आणि महागाईनुसार होणारी वाढ बंद झाली. ज्यांनी तीस वर्षं रस्ते झाडले, नळ दुरुस्त केले, त्यांचा यात काय गुन्हा होता? गुन्हा होता तो वचन देऊन पैसा न भरणाऱ्यांचा. शेजारच्या इलिनॉयमध्ये उलट घडलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली पेन्शन सुधारणेचा कायदाच रद्द केला. पेन्शनरांचा हक्क वाचला, पण निधीतलं भगदाड तसंच राहिलं आणि ते बुजवायला लागणारा पैसा आजच्या शाळा आणि रस्त्यांच्या वाट्यातून जातो. माझ्या नावावर दर महिन्याला जमा होणारा पैसा कमी-जास्त होईल, पण तो माझा असतो. माझ्या नावावर दिलेलं भाषण माझं नसतं.

आता त्या लोकांकडे वळू ज्यांचं नाव या वादात निघतच नाही. गेल्या नोव्हेंबरात बँकेत आईच्या मागे रांगेत एक आजी होत्या. आईच्याच वयाच्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. ‘निराधार’चे पैसे आले का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपलं. आईला खिडकीवर कुणी तरी ‘मॅडम’ म्हणालं, आजींना ‘ओ आजी, बाजूला व्हा’. राज्यातली बहुसंख्य कष्टकरी माणसं या आजींच्या बाजूची आहेत. कारखान्यातून, सूतगिरणीतून, एसटीतून निवृत्त झालेल्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या योजनेची, पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ साली महिन्याला हजार रुपये ठरली आणि वर्षानुवर्षं तिथेच अडकून राहिली. आणि सरकारी नोकरीच्या उंबरठ्यावर उभी असलेली तरुण मुलं? कायम पद महाग झालं की सरकार ते भरतच नाही. आज राज्यात मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक रिकामी आहेत. त्यांच्या जागी कंत्राटी, मानधनावरचे, तासिका तत्त्वावरचे. डी.एड. होऊन लागलेल्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला सहा हजार मानधन होतं. कायम कर्मचाऱ्याच्या हमीची किंमत शेजारच्या टेबलावरचा कंत्राटी मुलगा मोजतो, हे संघटनेच्या नेत्यांना ठाऊक नाही का? संपाच्या काळात कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी मोर्चा काढून सांगितलं, की निम्म्या पगारात आम्ही काम करायला तयार आहोत. त्यांना सरकारधार्जिणे म्हणून झटकून टाकलं गेलं. पण ज्याला वर्षानुवर्षं जाहिरातच दिसत नाही, त्यानं आणखी काय म्हणायचं होतं?

संपाबद्दल. इथे मी पुराणमतवादी आहे आणि तो शब्द मला लागत नाही. संप हे कामगाराचं हत्यार आहे, मुंबईच्या गिरण्यांनी ते आपल्याला शिकवलं. १९८२ च्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या चुलीनं मोजली. त्या लढाईत समोर मालक होता, त्याचा नफा बुडत होता, आणि कामगारही सर्वस्व पणाला लावत होता. सरकारी संपात समोर कोण असतो? मंत्र्याचा नफा बुडत नाही. मार्च २०२३ मध्ये ऐन संपात अवकाळी पाऊस झाला. मामांचा काढणीला आलेला गहू आडवा झाला. पंचनाम्याला तलाठी नाही, ग्रामसेवक नाही, कृषी सहायक नाही. मामा रोज सकाळी शेतात जाऊन भिजलेल्या ओंब्या उलट्या-पालट्या करायचे आणि कुणी येतं का म्हणून रस्त्याकडे बघत बसायचे. पंचनामा होईपर्यंत रान मोकळं करायचं नाही, असं कुणी तरी सांगितलेलं. तो संप सरकारविरुद्ध होता म्हणतात. तो मामांच्या वावरात झाला. अमेरिकेत कामगारांना संघटनेचा हक्क देणारा कायदा १९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याच सहीनं झाला. दोन वर्षांनी त्यांनीच लिहिलं, की खाजगी कारखान्यातली सामूहिक सौद्याची पद्धत सरकारी सेवेत जशीच्या तशी आणता येणार नाही, कारण इथे मालक म्हणजे सगळी जनता. हे कामगारांच्या शत्रूचं मत नव्हतं. आपल्याकडे १९७७-७८ मध्ये र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, केंद्राप्रमाणे महागाई भत्त्यासाठी. त्या मागणीत दम होता. पण मागणीत दम असणं आणि दवाखाना, शाळा, तलाठी कार्यालय ओलीस ठेवणं, या दोन गोष्टी मला तेव्हाच्याही आणि आताच्याही संपात वेगळ्याच दिसतात.

मात्र माझ्या बाजूचे लोक संप मोडायला जेव्हा कोर्टात धावतात, तेव्हाही मला तितकंच वाईट वाटतं. २००३ साली तामिळनाडूत जयललिता सरकारनं पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचारी एका फटक्यात काढून टाकले. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बहुतेकांना परत घ्यायला लावलं, पण सोबत असंही म्हटलं, की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही नाही. पहिली दोन वाक्यं कायद्याची होती. तिसरं म्हणायची न्यायालयाला गरज नव्हती. नैतिक काय ते लोक ठरवतील. आणि हाच नियम उलट बाजूलाही लावायला हवा. नकारा खटल्यात पीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. चाळीस वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, सैनिकांच्या ‘समान पद, समान पेन्शन’ प्रकरणात त्यांच्याच मुलाच्या, न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं सांगितलं, की पेन्शन किती आणि किती वर्षांनी सुधारायची हा धोरणाचा प्रश्न आहे, तो सरकारनं ठरवायचा. मला यात विसंगती दिसत नाही. दिलेल्या वचनात सरकार भेदभाव करत असेल तर न्यायालयानं हात धरावा. नवं वचन द्यायचं की नाही, हे सांगणं न्यायालयाचं काम नाही, कारण त्यासाठीचा कर न्यायाधीश गोळा करत नाहीत. आपल्याला हवा तो निकाल आला की न्यायालय थोर आणि नको तो आला की मर्यादा ओलांडली, असं म्हणणाऱ्यांत मला बसायचं नाही.

उरला मावसभावाचा तो प्रश्न, ज्यावर मामा गप्प झाले. माजी आमदाराला, तो एकदाच निवडून आलेला असला तरी, महिन्याला किमान पन्नास हजार पेन्शन मिळते. ती बंद व्हायला हवी. रक्कम किती, हा मुद्दा नाही. राज्याच्या खर्चात ती रक्कम किरकोळच आहे. पण जो स्वतः एक रुपया न भरता पेन्शन घेतो, त्यानं दुसऱ्याला काटकसर शिकवली तर कोण ऐकेल? आमदारांनीही दरमहा दहा टक्के भरावेत आणि जमेल तेवढी पेन्शन घ्यावी. तसंच, पेन्शनला पैसा नाही म्हणणाऱ्या सरकारनं विधानसभेच्या निवडणुकीआधी चार महिने वर्षाला ४६ हजार कोटींची लाडकी बहीण योजना आणली. त्या दीड हजारांनी कितीतरी घरांत औषधं आली, वह्या आल्या, हे मी पाहिलं आहे. पण त्या पैशाचीही तीच कथा: तरतूद नंतर, घोषणा आधी. खर्चाची शिस्त फक्त सरकारी नोकरासाठी आणि मतदारासाठी सवलत, असं असेल तर ती शिस्त नव्हे. कर्मचाऱ्यांचा राग मला इथे पूर्ण मान्य आहे. पण दुसऱ्याची उधळपट्टी दाखवून आपली मागणी परवडणारी ठरत नाही.

मग करायचं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं ‘यूपीएस’, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळानं ती स्वीकारली. पंचवीस वर्षं सेवा झाली की शेवटच्या वर्षातल्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, कर्मचारी दहा टक्के भरणार, केंद्र साडेअठरा. हमीही आहे आणि आजच पैसा बाजूलाही निघतो, म्हणून मला ही दिशा जुन्या पेन्शनपेक्षा बरी वाटते. फक्त हे साडेअठरा पुरणार का, हे दर तीन वर्षांनी तज्ज्ञांकडून मोजून त्याचा आकडा अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एका पानावर छापला पाहिजे: आजवर दिलेल्या पेन्शन-वचनांची एकूण रक्कम इतकी, बाजूला काढलेला पैसा इतका, फरक इतका. संघटनांनी संपाऐवजी या एका पानाची मागणी केली तर मी स्वतः टोपी घालून त्यांच्यात जाऊन बसेन.

त्या दिवशी मांडव आवरायला घेतला तरी आम्ही बोलतच होतो. मी मावसभावाला विचारलं, तुला नक्की काय हवंय? तो जरा थांबला. म्हणाला, “दादा, मला म्हातारपणी महिन्याला किती मिळणार तेवढा आकडा आज कुणीतरी लिहून द्यावा. जुनी म्हणा, नवी म्हणा.” तो २०४२ साली निवृत्त होईल. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला, खातं उघडलं आणि आत्तापर्यंत जमा झालेली रक्कम मला दाखवली. मामांनीही चष्मा चढवला आणि बघायला पुढे वाकले.